जमिनीची मोजणी व जवळचे उपग्रह

मावळांत भाताच्या खाचराची हद्द आज ज्या साखळीनें मोजली जाते ती साखळी लोखंडाची राहिलेली नाहीं. भूकरमापक एक काठी घेऊन बांधावर येतो. काठीच्या टोंकाला वाडग्याएवढें एक यंत्र असतें, त्यास रोव्हर म्हणतात. काठी कोपऱ्यावर सरळ उभी धरली कीं त्या जागेचे अक्षांश-रेखांश हातांतल्या लहानशा पडद्यावर उमटतात आणि मंडळी पुढच्या कोपऱ्याकडे निघतात. पूर्वीं ज्या कामास फलकयंत्र, साखळी, झेंड्या व चार गडी लागत आणि दिवस मोडत असे, तें आतां थोडक्या वेळांत उरकतें. ही सोय मोठी आहे यांत शंका नाहीं. परंतु हें यंत्र कोणाचें ऐकून बोलतें, तें ऐकणें किती नाजूक आहे, आणि तें बिघडूं नये म्हणून जगांत सध्यां कोणती खटपट चालली आहे, हें ज्याची जमीन मोजली जाते त्यानें समजून घेतलेलें बरें. लोणावळ्याच्या आसपास जमिनीला जो भाव आला आहे त्यामुळें अर्ध्या गुंठ्यासाठीं भाऊ भावाला कचेरीची पायरी चढावयास लावतो. तेथें हातभर चूक ही लहान चूक नव्हे.

आपल्या इलाख्यांतील महसुली मोजणीची घडी गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून बसविली. त्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे आणे सोळा. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १०८९ चौरस फूट. आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. हे आंकडे वाचकांस पाठच असतील. तरी त्यांतील १०८९ हा आंकडा ध्यानांत ठेवावा, पुढें तो अगदीं निराळ्या जागीं भेटणार आहे. लोखंडी साखळीचा एक गुण असा होता कीं ती ताणली गेली, झिजली किंवा तिची कडी वांकली तर तें डोळ्यांना दिसे. उपग्रहाच्या मोजणींत बिघाड झाला तर तो दिसत नाहीं. आंकडा मात्र नेहमींइतकाच ठाशीव उमटतो.

आतां हें यंत्र चालतें कसें तें पाहूं. अमेरिकेच्या जीपीएस या योजनेचे उपग्रह जमिनीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरत असतात. रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बैदू आणि आपले नाविक हे त्याच जातीचे. प्रत्येक उपग्रह ‘मी अमक्या ठिकाणीं आहें आणि माझ्या घड्याळांत इतके वाजले आहेत’ असा पुकारा रेडिओ-लहरींनीं अखंड करीत असतो. तो पुकारा रोव्हरपर्यंत पोंचण्यास जो वेळ लागला त्यास प्रकाशाच्या वेगानें गुणिलें कीं उपग्रहाचें अंतर निघतें. तीन उपग्रहांचीं अंतरें मिळालीं कीं जागा ठरावी. पण रोव्हरमधील घड्याळ साधें असतें, त्याची चूक काढण्यासाठीं चौथा उपग्रह लागतो. म्हणजे ही साखळी वेळेची आहे. सेकंदाचे शंभर कोटि भाग केले आणि त्यांतला एक भाग चुकला तर मोजणी सुमारें एक फूट चुकते. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तर चूक तीनशें मीटरांची, म्हणजे शेत इंद्रायणीच्या अलीकडे आणि आंकडा पलीकडे. म्हणूनच प्रत्येक उपग्रहांत अणूंच्या कंपनावर चालणारीं घड्याळें बसविलेलीं असतात.

वेळेच्या बाबतींत आपण पूर्वीं बरेच उदार होतों. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहरानें प्रमाणवेळेहून ३९ मिनिटें मागें असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं, आणि त्यावांचून कोणाचा बांध सरकला नाहीं. आतां तसें चालत नाहीं. मोबाइलचे मनोरे, वीजवाहिन्यांवरील मापक यंत्रें, पैशाची देवघेव नोंदणारीं केंद्रें यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं घड्याळ लावलें जातें तें याच उपग्रहांकडे पाहून. म्हणून उपग्रहांचा पुकारा बंद पडला तर अडेल ती नुसती मोजणी नव्हे.

एकट्या रोव्हरला उपग्रहांकडून जी जागा कळते ती कांहीं मीटर इकडे तिकडे असूं शकते. रस्ता शोधणाऱ्यास तेवढें पुरतें, बांध ठरविणाऱ्यास पुरत नाहीं. यासाठीं भारतीय सर्वेक्षण विभागानें महाराष्ट्रांत ७७ ठिकाणीं कायमचीं केंद्रें उभारलीं आहेत. त्यांस कॉर्स असें नांव आहे. केंद्राची खरी जागा आधींच पक्की केलेली असते. उपग्रह सांगतात ती जागा आणि खरी जागा यांतील फरकावरून दुरुस्ती निघते, आणि ती मोबाइलच्या जाळ्यावरून रोव्हरला पोंचते. त्या दुरुस्तीनें चूक दोन-चार बोटांवर येते. परंतु हेंहि लक्षांत घ्यावें कीं आंदर मावळांत खांडी-सावळ्याकडे किंवा नाणे मावळांत जांभवलीच्या अंगाला डोंगराच्या कुशींत मोबाइलला रेंज नसेल तेथें ही दुरुस्ती येणार कोठून? आणि ज्या खाचराच्या एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस आंबा-जांभळीची राई, तेथें आकाशाची पट्टीच अरुंद उरते.

याहून मूळचा दुबळेपणा आहे तो पुकाऱ्याचा. जीपीएसचा नागरी पुकारा सुटतो तेव्हां त्याची शक्ति जुन्या पद्धतीच्या विजेच्या एका दिव्याइतकी, सुमारें ५० वॅट असते. वीस हजार किलोमीटर पसरत खालीं येईपर्यंत ती किती उरते? एका वॅटाचे कोटि कोटि भाग करावे, आणि त्यांतील एका भागाचे पुन्हां शंभर भाग करावे. त्यांतला एकादा भाग रोव्हरच्या वांट्याला येतो. देवळांत सप्ताहाचा गजर चालू असतां पलीकडच्या डोंगरावरून कोणी हांक मारावी तसा हा प्रकार आहे. जवळपास त्याच पट्टींत कोणी थोडासा गोंगाट केला कीं हांक बुडते. अमेरिकेंत न्यूअर्क विमानतळाजवळून जाणाऱ्या एका मालमोटारवाल्यानें आपल्या मालकाला आपला ठावठिकाणा कळूं नये म्हणून असें एक लहानसें गोंगाटयंत्र गाडींत लावलें होतें. त्यामुळें विमानतळावरील उतरण्याच्या यंत्रणेंत व्यत्यय आला आणि २०१३ सालीं त्यास दंड झाला. असें यंत्र परवानगीवांचून वापरणें आपल्याकडेहि बेकायदेशीर आहे. परंतु खिशांत मावणाऱ्या डबीनें एवढें होऊं शकतें ही गोष्ट द्रुतगति मार्गाच्या दोहों बाजूंस ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं विसरूं नये.

गोंगाटाहून वाईट म्हणजे खोटा पुकारा. उपग्रहाचा आवाज काढून दुसराच कोणी खोटी जागा व खोटी वेळ सांगतो आणि यंत्र त्याला फसतें. लोकसभेंत मार्च २०२५ मध्यें दिलेल्या लेखी उत्तराप्रमाणें नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळांत आपल्या सरहद्दीच्या प्रदेशांत, मुख्यतः अमृतसर व जम्मू या भागांत, विमानांच्या बाबतींत अशा व्यत्ययाच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. मावळांतल्या बांधावर शत्रु असा कांहीं उद्योग करील हें संभवत नाहीं, हें उघड आहे. पण विमानासाठीं जो पुकारा तोच बांधासाठीं आहे.

माणसाच्या खोडीशिवाय आकाशाचीहि खोडी असते. पृथ्वीवर सुमारें ऐंशीं किलोमीटरांपासून कित्येक शें किलोमीटरांपर्यंत सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेल्या हवेचा एक विरळ थर आहे, त्यास आयनांबर म्हणतात. त्यांतून येतांना पुकारा रेंगाळतो. आपला प्रदेश विषुववृत्ताकडचा असल्यामुळें हा थर येथें दुपारीं विशेष दाट होतो, आणि सूर्यास्तानंतर कित्येकदां त्यांत बुडबुड्यांसारखीं विवरें पडून पुकारा थरथरूं लागतो. सूर्यावर वादळ झालें कीं हा थर ढवळून निघतो. १० मे २०२४ रोजीं असें मोठें वादळ पृथ्वीवर आदळलें, तेव्हां अमेरिकेच्या मध्यभागांत मक्याच्या पेरणीचे दिवस होते. तेथील मोठे ट्रॅक्टर उपग्रहाच्या आधारानें तास धरतात. त्यांना तास सांपडेना आणि कित्येकांना पेरणी थांबवून बसावें लागलें. या शास्त्राशीं आपल्या कोंकणपट्टीचा जुना संबंध आहे. २ सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध सौरवादळाची चुंबकीय नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत झाली होती आणि शास्त्रज्ञ आजहि तिचा आधार घेतात. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या होत्या. त्यांच्या विजेनें वेधशाळेचीं नाजूक यंत्रें बहकतील म्हणून १९०४ सालीं तें काम अलिबागेस नेण्यास सुरुवात झाली. ट्राम प्रत्यक्ष धांवली ती १९०७ सालीं. गोंगाट येण्यापूर्वींच जागा बदलणारे असे अधिकारी विरळा.

उपग्रहाचें काम मात्र अलिबागेस नेतां येत नाहीं. मग उपाय काय? पुकारा करणाराच जवळ आणावा, ही एक कल्पना सध्यां जगांत जोर धरीत आहे.

गंमत अशी कीं ही कल्पना जुनीच आहे. ऑक्टोबर १९५७ मध्यें रशियानें स्पुटनिक सोडला, तेव्हां अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत गायर व वायफेनबाख या दोघांनीं त्याच्या सुराचा चढउतार टिपून घेतला. खंडाळ्याच्या घाटांत रुळाजवळ उभें राहिलें तर शिट्टी देत येणाऱ्या गाडीचा सूर चढा लागतो आणि गाडी पुढें निघून गेली कीं तोच सूर उतरतो. तसाच हा प्रकार. त्यावरून त्यांनीं उपग्रहाची वाट काढली. मग वाट ठाऊक असेल तर ऐकणाराची जागा काढतां येईल, हा उलटा विचार सुचला व त्यांतून ट्रान्झिट ही पहिली उपग्रह-योजना निघाली. तिचे उपग्रह सुमारें १,१०० किलोमीटरांवरून फिरत. ती १९६४ पासून अमेरिकेच्या आरमाराच्या कामीं आली आणि १९९६ सालीं बंद झाली. उपग्रह थोडे असल्यानें जहाजांना पुढच्या फेरीची वाट पाहत थांबावें लागे. उंच गेलें म्हणजे थोड्या उपग्रहांत सारी पृथ्वी दिसते, म्हणून जीपीएस वर गेलें. आतां लहान उपग्रह शेंकड्यांनीं सोडणें पूर्वींपेक्षां पुष्कळ स्वस्त झालें आहे, म्हणून लोक पुन्हां खालीं पाहूं लागले आहेत.

जवळ येण्याचा लाभ किती, याचा हिशेब पाटीवर करतां येतो. अंतर दुप्पट झालें कीं पुकारा चौथाई उरतो, तिप्पट झालें कीं नववा हिस्सा. २०,२०० किलोमीटरांऐवजीं सुमारें ६१० किलोमीटरांवर उपग्रह ठेविला तर तो तेहतीस पट जवळ आला. आणि तेहतीस गुणिलें तेहतीस म्हणजे १०८९. गुंठ्याचे चौरस फूट ते हेच. दोघांनीं सारखीच शक्ति सारखीच एकवटून टाकली तर जवळच्याचा पुकारा हजार पटीहून अधिक जोरानें पोंचेल. प्रत्यक्षांत एवढें सारें पदरांत पडत नाहीं. जवळचा उपग्रह लहान, त्याला वीज पुरविणारीं पत्रेंहि लहान, आणि जवळ असल्यामुळें खालीं पसरलेला मुलूख गांठण्यासाठीं त्याला तोंड रुंद करून पुकारावें लागतें. तरीहि शंभर पट मिळालें तर झाडाच्या पानांतून, घराच्या भिंतींतून तो आंत येईल, आणि खिशांतल्या डबीला तो बुजविणें अवघड जाईल.

दुसरा लाभ चालण्याचा आहे, आणि माझ्या मतें मोजणीच्या दृष्टीनें तोच मोठा. जीपीएसचा उपग्रह आपल्या आकाशांत तासन्‌तास रेंगाळतो. खालचा उपग्रह सेकंदाला सुमारें साडेसात किलोमीटर जातो. लोणावळा ते पुणें हें रेल्वेचें ६४ किलोमीटरांचें अंतर तो नऊ सेकंदांच्या आंत ओलांडील. ज्यांनीं फलकयंत्र पाहिलें आहे त्यांना याचा उपयोग चटकन उमजेल. दोन जागीं फलक मांडून एकाच झाडावर नजर धरली आणि त्या दोन जागा अगदीं जवळ असल्या, तर कागदावर रेघा इतक्या निमुळत्या कापतात कीं छेद नेमका कोठें तें ठरत नाहीं. जागा लांब असल्या कीं छेद स्वच्छ पडतो. खालचा उपग्रह दोन-तीन मिनिटांतच आकाशाच्या एका भागांतून दुसऱ्या भागांत जात असल्यानें असा स्वच्छ छेद लवकर मिळतो. जवळ कॉर्स केंद्राचा आधार नसतां बारीक मोजणी साधावयास आज वीस-तीस मिनिटें एका जागीं थांबावें लागतें. तें थोड्या मिनिटांवर येईल असा तज्ज्ञांचा अभ्यास आहे. शिवाय तीच दुरुस्ती उपग्रहाच्या पुकाऱ्यांतूनच खालीं पाठवितां येते. मग जांभवलीला मोबाइलची रेंज नसली तरी तिच्यावांचून अडणार नाहीं.

एवढें ऐकून कोणी समजेल कीं उंच उपग्रह आतां निकामी झाले, तर तसें नाहीं. खालचा उपग्रह एका जागेवरून पाहिला तर दहा-पंधरा मिनिटांत मावळतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं बनविलेला ‘स्वयम्’ नांवाचा अवघा एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजीं याच पद्धतीच्या कक्षेंत गेला. त्याच्याशीं बोलावयाचें तरी एका फेरींत थोडींच मिनिटें मिळणार. म्हणून जेथें जीपीएसला तीसेक उपग्रह पुरतात तेथें खालच्या कक्षेंत शेंकडे लागतात. दुसरें असें कीं स्वस्त उपग्रहांत उंची अणुघड्याळ परवडत नाहीं. तो वरच्या जीपीएसकडून वेळ उसनी घेतो व तीच मोठ्यानें सांगतो. जमिनीवरचा गोंगाट त्याच्यापर्यंत सहसा पोंचत नाहीं म्हणून हें चालतें; परंतु मूळ सावकारच बुडाला तर उसनवारी किती दिवस चालणार? त्यासाठीं उपग्रहांनीं आपसांत व जमिनीवरील केंद्रांशीं घड्याळें ताडून पाहण्याची सोय लागते. आणि आयनांबराचें म्हणाल तर त्याचा मुख्य दाट भाग तीन-चारशें किलोमीटरांवर असतो, म्हणजे सहाशें किलोमीटरांवरच्या उपग्रहाचा पुकाराहि त्यांतूनच येणार. जोर अधिक असल्यानें तो कमी बुडेल, इतकेंच.

याविषयीं आजवर झालेलें काम थोडें सांगतों. इरिडियम या योजनेचे ६६ उपग्रह सुमारें ७८० किलोमीटरांवरून फिरतात. त्यांवरून वेळ व जागा सांगणारी निराळी सेवा २०१६ पासून चालू झाली, आणि तिचा पुकारा इमारतीच्या आंतहि पोंचतो. तिचा भर मुख्यतः वेळेवर आहे, बांधाच्या बारीक मोजणीस ती उपयोगी नाहीं. युरोपच्या अवकाश संस्थेनें मार्च २०२४ मध्यें खालच्या कक्षेंतील प्रायोगिक उपग्रहांचीं कामें दोन गटांकडे सोंपविलीं. अमेरिकेंतील झोना या कंपनीनें जून २०२५ मध्यें आपला एक उपग्रह सोडला. एकंदर सुमारें २६० उपग्रह सोडावयाचे आणि पुकारा जीपीएसच्या शंभर पट जोराचा ठेवावयाचा असा तिचा मनोदय आहे. कंपनी आली म्हणजे तिची फीहि आली, हें सांगावयास नको.

आपल्या नाविक योजनेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं व सातवा २८ एप्रिल २०१६ रोजीं गेला. ते सुमारें ३६,००० किलोमीटरांवर आहेत, म्हणजे जीपीएसहूनहि दूर. पण ते आपल्याच आकाशांत राहतात हा त्यांचा विशेष. परदेशांतून आणलेलीं अणुघड्याळें त्यांपैकीं कांहींत बंद पडलीं, तेव्हां आपल्या शास्त्रज्ञांनीं स्वदेशी घड्याळ तयार केलें व तें २९ मे २०२३ रोजीं सोडलेल्या उपग्रहांत बसवून धाडलें. २९ जानेवारी २०२५ च्या उपग्रहाला मात्र झडप न उघडल्यामुळें ठरलेली कक्षा गांठतां आली नाहीं. एक घड्याळ किंवा एक झडप सारें अडवून धरते, हा थोड्या व महाग उपग्रहांचा दोष येथें स्पष्ट दिसतो. शेंकड्यांतला एकादा लहान उपग्रह बंद पडला तर कळतहि नाहीं. आपल्या अवकाश संस्थेनें ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ या दोन खेपांत परक्या कंपनीचे ७२ उपग्रह खालच्या कक्षेंत नेऊन सोडले आहेत. ते संदेशवहनाचे होते; पण ते नेण्याची शक्ति आपल्यापाशीं आहे हें त्यावरून ठरलें. नाविकच्या खालीं स्वतःचा असा एक थर घालणें हें काम सरकारनें मनावर घ्यावें असें मला वाटतें. जमिनीचा दप्तर ज्या आंकड्यांवर उभा राहणार ते आंकडे परक्याच्या मर्जीवर असूं नयेत.

हें सर्व होईपर्यंत मोजणी थांबणार नाहीं, म्हणून मोजणीच्या दिवशीं काय पाहावें तें सांगतों. रोव्हरच्या पडद्यावर ‘फिक्स’ किंवा ‘फ्लोट’ असा शब्द असतो. ‘फिक्स’ म्हणजे यंत्राची बारीक गणती जुळली. ‘फ्लोट’ म्हणजे अजून तरंगते आहे. ‘फ्लोट’ असतां घेतलेला कोपरा मान्य करूं नये, थोडें थांबावें. मोजणीची सुरुवात जुन्या पक्क्या दगडापासून करण्याची विनंती करावी, आणि दोन दगडांतील अंतर फितीनें मोजून यंत्राच्या अंतराशीं ताडून पाहावें. जो कोपरा वादाचा असेल तो तासा-दोन तासांनीं पुन्हां घ्यावयास सांगावा; तोंपर्यंत आकाशांतील उपग्रहांची मांडणी बदललेली असते, आणि दोन्हीं वेळचे आंकडे जुळले तर मनाला आधार राहतो. झाडाखालचा कोपरा थेट न घेतां मोकळ्या जागीं दोन बिंदु घेऊन तेथून फितीनें काढावा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणें हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारी जमीनधारकावरच आहे. यंत्र आलें म्हणून बांधावरचा दगड उपटून गोठ्याच्या पायांत घालणारे लोक मीं पाहिले आहेत, त्यांनीं आपलाच साक्षीदार पुरला.

जेथें मोबाइलची रेंज नाहीं तेथें भूकरमापकाला एक यंत्र ठाऊक असलेल्या खुणेवर उभें करून दुसऱ्या यंत्राला रेडिओनें दुरुस्ती पुरवितां येते. असें केलें असेल तर पहिलें यंत्र नेमकें कोणत्या खुणेवर मांडलें होतें तें मोजणीच्या कागदांत लिहून घ्यावें. पुढें फेरमोजणी मागण्याची पाळी आली तर पहिलें यंत्र त्याच खुणेवर पुन्हां मांडतां येतें.